खत प्रकल्प आणि उरलेलं अन्न: पुणे महापालिकेकडून मदत मिळवायची कशी

पहिली गोष्ट स्पष्ट करून घ्या. महापालिका तुमच्या गटाच्या नावाने चेक फाडत नाही. "आम्ही वीस जण मिळून ओल्या कचऱ्याचं खत करतो, लग्नातलं उरलेलं जेवण गरजूंपर्यंत पोचवतो, आम्हाला अनुदान द्या" असा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात गेला की तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो, कारण तो कुठल्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या कोणत्या सदरात, बसवायचा हे कोणालाच कळत नाही. पालिका पैसा देते तो चार रूपांत: करातली सवलत, सार्वजनिक जागेवर केलेलं बांधकाम, वापरायला दिलेली जागा किंवा सेवा, आणि कंपन्यांच्या सामाजिक निधीसाठी दिलेलं पत्र. आपली गरज या चारांपैकी कशात बसते ते आधी ठरवलं तर निम्मं काम तिथेच होतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. हौद बांधायला पैसा मिळतो, पण त्या हौदात रोज हात घालणाऱ्या माणसाच्या पगाराला मिळत नाही. शहरात बंद पडलेले जे खत प्रकल्प दिसतात, ते बहुतेक याच कारणाने बंद पडलेले आहेत. उद्घाटनाची पाटी लागते, सहा महिने काम चालतं, मग काम करणारी बाई सोडून जाते आणि हौदात प्लास्टिकच्या पिशव्या पडू लागतात. म्हणून या लेखात पगाराचा हिशोब बांधकामाच्या आधी येईल.

आधी वजन करा

सात दिवस, रविवार धरून, रोजच्या ओल्या कचऱ्याचं वजन करा. लटकवायचा साधा काटा पुरतो. तीन रकाने ठेवा: स्वयंपाकघरातला ओला कचरा, झाडांचा पालापाचोळा आणि खाण्याजोगं उरलेलं अन्न. तिसरा रकाना घरांमध्ये जवळजवळ रिकामा राहतो. मंगल कार्यालय, मेस, हॉस्टेल किंवा कंपनीचं कॅन्टीन जवळ असेल तर तो भरतो, आणि तसं असेल तर त्याचं काम वेगळं चालवायचं आहे.

पुण्यातल्या फ्लॅटमधून साधारण रोज अर्धा किलो ओला कचरा निघतो असं धरून चालता येतं. म्हणजे १२० फ्लॅटच्या सोसायटीत साठ किलोच्या आसपास. तरी अंदाजावर अर्ज करू नका. आरोग्य निरीक्षकाच्या हातात सात दिवसांचा तक्ता पडला की त्याची तुमच्याशी बोलण्याची पद्धतच बदलते.

या वजनावर तुमचं कायद्यातलं स्थानही ठरतं. केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत रोज ओला-सुका मिळून १०० किलोंपेक्षा जास्त कचरा करणारे ते मोठे कचरा उत्पादक, आणि त्यांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा. तुम्ही त्या रेषेच्या वर असाल तर "आम्ही चांगलं काम करतो, मदत करा" या सुरात बोलू नका. ती तुमची जबाबदारीच आहे, आणि तिथे मागण्यासारखी गोष्ट म्हणजे करसवलत. खालच्या बाजूला असाल, म्हणजे लहान सोसायट्या, बंगल्यांच्या गल्ल्या, वस्ती, चाळ, तर सार्वजनिक जागेवर सामाईक प्रकल्प मागायला तुमची बाजू भक्कम आहे.

करसवलत: सोसायट्यांसाठी सगळ्यात सरळ वाट

पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा आणि पावसाचं पाणी साठवणं यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सवलत देते. अर्जानंतर प्रत्यक्ष पाहणी होते. पुढे प्रकल्प बंद आढळला तर सवलत काढून घेतली जाते, आणि तसं घडलेलं आहे. अर्ज करण्यापूर्वी कराची थकबाकी संपवा.

इथे एक गोम आहे. सवलत सोसायटीच्या खात्यात येत नाही, ती प्रत्येक फ्लॅटमालकाच्या बिलात कमी होते. मग प्रकल्पाचा खर्च सोसायटी सोसते आणि फायदा घरोघरी विरून जातो. दोन वर्षांनी कोणीतरी सभेत उठून विचारतो, "या खतावर एवढा खर्च कशाला?" यावर उपाय एकच आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या की सवलतीइतकी रक्कम प्रत्येक सभासद दरवर्षी "ओला कचरा निधी" म्हणून सोसायटीकडे भरेल. हा ठराव प्रकल्प सुरू होण्याआधी करा. सुरू झाल्यावर तो मंजूर होत नाही.

आता हिशोब. समजा १२० फ्लॅट आहेत आणि सवलत ज्यावर लागते तो कर फ्लॅटमागे १५,००० रुपये आहे. एकूण १८ लाख, त्याचे ५ टक्के ९०,००० रुपये, म्हणजे महिन्याला ७,५००. (नक्की आकडा बिलातल्या कोणकोणत्या रकमांवर सवलत लागते त्यावर ठरेल. आपलं बिल समोर ठेवून करा.) साठ किलो कचरा हाताळायला एका माणसाला रोज सुमारे तीन तास लागतात. त्याचा पगार ९,००० धरा. भुसा किंवा कोकोपीट, हातमोजे, मास्क, झाडू, विरजणासाठी ताक-शेण मिळून १,५०० धरा. खर्च १०,५००, सवलतीतून ७,५००, उरले ३,०००, म्हणजे फ्लॅटमागे महिन्याला २५ रुपये. हे गणित कागदावर लिहून सभेत वाटा. "पर्यावरणासाठी" या शब्दापेक्षा "महिन्याला पंचवीस रुपये" हे शब्द जास्त काम करतात.

माणूस शोधताना आधी तुमच्या दारावर कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंनाच विचारा. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते. तिच्या सदस्यांकडून खत प्रकल्पाची देखभाल करून घेणाऱ्या सोसायट्या शहरात आहेत. ओला कचरा आवारात जिरला तर त्यांच्या गाडीचं ओझं कमी होतं आणि सुक्या कचऱ्याला जास्त वेळ मिळतो. फक्त हे जादा काम आहे आणि त्याचे वेगळे पैसे द्यायचे आहेत हे पहिल्याच बैठकीत सांगा. दारावरच्या कचऱ्याच्या शुल्कात हे "जमवून घ्या" म्हणणं अन्याय आहे.

नागरिकांचं अंदाजपत्रक: उद्यान आणि गल्लीसाठी

पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. आपल्या प्रभागातलं छोटं काम सुचवायचं, प्रत्येक कामाला कमाल ५ लाख रुपये. सूचना साधारण पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला मागवल्या जातात. त्या छाननीतून जातात आणि मंजूर झालेली कामं पुढच्या एप्रिलपासूनच्या अंदाजपत्रकात येतात. मुदत दरवर्षी थोडी पुढे-मागे होते, म्हणून जुलै संपत आला की क्षेत्रीय कार्यालयात चौकशी सुरू करा. शहरात अशी पंधरा कार्यालयं आहेत. आपलं कोणतं हे मिळकतकराच्या बिलावरून कळतं.

दोन अटी डोक्यात ठेवा. जागा सार्वजनिक हवी. सोसायटीच्या कुंपणाच्या आत पालिकेचा पैसा खर्च होत नाही, म्हणून सोसायटीचा हौद इथे मागू नका. आणि काम बांधकामाच्या स्वरूपाचं हवं. "जनजागृती करणे" असं लिहिलं की अर्ज बाजूला पडतो.

बहुतेक अर्ज एका ओळीचे असतात: "उद्यानात कंपोस्ट पिट करणे." अशा अर्जावर कनिष्ठ अभियंता आपल्या मनाने एस्टिमेट करतो, आणि ठेकेदार चारही बाजूंनी प्लास्टर केलेली, हवा न खेळणारी टाकी बांधून मोकळा होतो. त्या टाकीत खत होत नाही, कचरा कुजतो आणि वास सुटतो. म्हणून अर्जातच काम नीट लिहा. साधारण असं:

"प्रभाग क्र. ___, ___ उद्यान, उत्तरेकडील भिंतीलगतची मोकळी जागा. उद्यानातील पालापाचोळा व शेजारच्या ४० बंगल्यांचा ओला कचरा यांसाठी जाळीदार विटकामाचे ४ हौद, प्रत्येकी ४ × ३ × ३ फूट, आतून प्लास्टर न करता. समोरची बाजू काढता येणाऱ्या फळ्यांची. वर पत्र्याचे छप्पर. खाली उतार दिलेला कोबा व पाझराचे पाणी गोळा करणारी नाली. पाला साठवण्यासाठी तारेच्या जाळीचा पिंजरा. एक नळजोड. सोबत: सात दिवसांच्या वजनाचा तक्ता, जागेचे फोटो, हाताने काढलेला आराखडा, लगतच्या घरांच्या संमतीच्या सह्या, देखभालीची लेखी हमी."

संमतीच्या सह्या आणि देखभालीची हमी यांच्याशिवाय अर्ज देऊच नका. उद्यानात कचरा म्हटलं की सकाळी फिरायला येणारे पहिले विरोध करतात, आणि त्यांचा राग रास्त असतो, कारण त्यांनी वास मारणारे हौद पाहिलेले असतात. त्यांना आधी भेटा, एखाद्या नीट चालणाऱ्या ठिकाणी घेऊन जा, खत हातात घेऊन हुंगायला द्या. ओल्या मातीचा वास आला की अर्धा विरोध मावळतो. अर्जाची एक प्रत उद्यान विभागालाही द्या. जागा त्यांची असते, आणि त्यांना विचारलं नाही तर मंजूर कामही अडतं.

याला समांतर एक वाट 'स' यादीची, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या यादीची आहे. मार्च २०२२ नंतर बराच काळ शहरात प्रशासक होता तेव्हा ती नव्हती. नगरसेवक असतील तेव्हा ही वाट जलद असते, पण पैसा कोणाच्या तरी नावाच्या पाटीसह येतो. आमचं मत असं की दोन्हीकडे एकच आराखडा द्यावा. नगरसेवकाला नवं काही सुचवू देण्यापेक्षा तयार कागद हातात ठेवावा.

काय बांधायचं, काय घ्यायचं नाही

चार बाय तीन बाय तीन फुटांचा हौद साधारण एक घनमीटरचा होतो. भरता भरता कचरा खाली बसत जातो, म्हणून रोज साठ किलो टाकले तरी तो सुमारे दहा दिवस पुरतो. असे सहा हौद ओळीने केले की सहावा भरेपर्यंत पहिल्याला पन्नास दिवस मिळतात, तेवढ्यात खत तयार होतं. शंभर किलो ओल्या कचऱ्याचं पंधरा ते वीस किलो खत मिळतं.

रोजची कृती फार नाही. कचऱ्याचा एक थर, त्यावर कोरड्या पाल्याचा किंवा भुशाचा थर, थोडं ताक किंवा शेणकाला, आणि आठवड्यातून एकदा फावड्याने वरखाली. मूठभर मिश्रण दाबल्यावर एक-दोन थेंब पाणी यावं, धार लागू नये. वास आला तर कोरडा पाला कमी पडला आहे. औषध फवारू नका, पाला घाला. ढीग आतून गरम लागला पाहिजे. चांगल्या ढिगात ५५ ते ६५ अंश तापमान होतं आणि त्यात तणांचं बी व रोगजंतू मरतात. पांढऱ्या-करड्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कचरा खातात. घुशी मात्र येऊ देऊ नका. तळाला जाळी हवी आणि भाताचा ढीग वर उघडा राहता कामा नये.

चोवीस तासांत खत करून देणारं विजेचं यंत्र विकायला कोणीतरी येणारच. त्यातून बाहेर पडते ती वाळवलेल्या कचऱ्याची भुकटी. तिला खत व्हायला आणखी काही आठवडे लागतात, आणि पाणी लागलं की तिला वास येतो. शिवाय विजेचं बिल दर महिन्याला सोसायटीच्या माथी. कंपनीच्या निधीतून फुकट मिळत असलं तरी घेण्याआधी वर्षाच्या विजेचा आणि दुरुस्तीचा खर्च लेखी मागा.

तयार खत सभासदांना आणि उद्यानाला वाटा. पिशवीत भरून "सेंद्रिय खत" म्हणून विकायचं असेल तर खत नियंत्रण आदेशाची मानकं लागू होतात, आणि त्या फंदात लहान गटाने पडू नये.

उरलेलं अन्न: हे काम घड्याळाचं आहे

माणसाच्या पोटात जाऊ शकेल ते हौदात टाकायचं नाही, हा नियम आहे. पण शिळं अन्न कोणाच्या ताटात वाढायचं नाही, हाही तितकाच पक्का नियम आहे. गरजू माणसाला जुलाब लागले तर त्याची रोजंदारी बुडते.

शिजवलेलं अन्न ६० अंशांच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली असेल तरच सुरक्षित. मधल्या तापमानात दोन तास झाले की ते घेऊ नका. लग्नाच्या पंगतीत वाढून ठेवलेलं, पानावरून परत आलेलं, पाहुण्यांनी हाताळलेलं काहीही नाही. फक्त भटारखान्यातल्या झाकलेल्या पातेल्यातलं. मसालेभात सगळ्यात जास्त उरतो आणि सगळ्यात लवकर धोक्याचा होतो, कारण मोठ्या पातेल्याच्या मधोमध तो तासन् तास कोमट राहतो. न्यायचाच असेल तर उथळ ट्रेमध्ये पसरून लगेच. मठ्ठा, बासुंदी, पनीर, खोबऱ्याचं वाटण घातलेल्या भाज्या उन्हाळ्यात सरळ नाही म्हणा. पोळ्या, पुऱ्या, जिलेबी, लाडू, न कापलेली फळं यांना नेहमी हो.

कायद्याची बाजू: अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१९ साली उरलेल्या अन्नाच्या संकलन-वाटपाचे वेगळे नियम केले आहेत. वाटप करणाऱ्या संस्थेने नोंदणी करायची, कोणाकडून काय, किती, किती वाजता घेतलं आणि कुठे दिलं याची वही ठेवायची, आणि डब्यावर पदार्थाचं नाव, शाकाहारी की मांसाहारी, तारीख लिहायची. नोंदणी प्राधिकरणाच्या 'फॉसकॉस' या पोर्टलवर होते. ही वही कंटाळवाणी वाटते, पण पालिकेकडे काही मागायला जाल तेव्हा तोच तुमचा पुरावा असतो.

आता पालिकेकडे मागायचं काय? अन्नवाटपासाठी पैसे मागू नका, तसं लेखाशीर्ष सापडणार नाही. तीन गोष्टी मागा. एक, रात्र निवाऱ्यांची यादी आणि तिथल्या व्यवस्थापकांना पत्र. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाखाली शहरांनी बेघरांसाठी असे निवारे उभे केले. तिथे किती माणसं जेवतात हे रोज ठरलेलं असतं, त्यामुळे अन्न फुकट जात नाही. दोन, पालिकेच्या एखाद्या वापरात नसलेल्या खोलीत फ्रीज ठेवायला जागा आणि वीजजोड. तीन, मंगल कार्यालयांना क्षेत्रीय कार्यालयाकडून सूचनापत्र. परवाना नसलेल्या जागी शंभराहून जास्त माणसांचा कार्यक्रम असेल तर किमान तीन कामाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कल्पना द्यायची, ही अट २०१६ च्या घनकचरा नियमांत आहे. ती माहिती तुमच्यापर्यंत पोचली, किंवा कार्यालयाच्या बुकिंगच्या कागदावर तुमचा फोन नंबर छापला गेला, तर रात्री अकराला धावपळ करण्याऐवजी दुपारीच गाडी ठरवता येते. यातलं तिसरं पत्र मिळवणं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगाचं आहे.

ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयांबाहेर नातेवाइकांना अन्न वाटण्याची इच्छा सगळ्यांनाच होते. तिथे आधी किती गट येतात ते पाहा. एकाच वेळी तिघे पोचले तर निम्मं अन्न फुटपाथवर पडतं.

कंपनीचा निधी, पालिकेच्या सहीने

फ्रीज, तीनचाकी, पाला बारीक करायचं यंत्र यासाठी कंपन्यांचा सामाजिक निधी योग्य. कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक आकारावरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के खर्च करायचे असतात, आणि भूक निवारण व पर्यावरण दोन्ही त्या यादीत आहेत. पैसे घेणारी संस्था नोंदणीकृत हवी आणि तिच्याकडे 'सीएसआर-१' क्रमांक, म्हणजे हा निधी घेण्यासाठीच्या नोंदणीचा क्रमांक, हवा. सोसायटीला तो सहसा मिळत नाही, म्हणून शहरातल्या एखाद्या जुन्या न्यासाला सोबत घ्या.

या निधीतून घेतलेली वस्तू कंपनीच्या मालकीची राहू शकत नाही. ती न्यासाच्या किंवा सार्वजनिक संस्थेच्या नावावर जाते. म्हणून घनकचरा विभागाकडून "ही वस्तू आम्ही स्वीकारू, जागा देऊ, देखभाल अमुक संस्था करेल" असं पत्र आधी आणा. हे पत्र सोबत असेल तर कंपनीच्या बैठकीत तुमचा प्रस्ताव वरच्या गठ्ठ्यात जातो. आणि बोलणी चालू असतानाच दोन वर्षांचा कामगाराचा पगार प्रस्तावात घाला. नंतर मागितला तर "तो तुमचा चालू खर्च" असं उत्तर मिळतं.

मंजुरीनंतर

अंदाजपत्रकात नाव आलं म्हणजे काम झालं असं नाही. पुढे एस्टिमेट, निविदा, कार्यादेश हे टप्पे आहेत, आणि यातलं काही अडकलं तर मार्चअखेर रक्कम परत जाते किंवा वर्गीकरणाने रस्त्याच्या कामाकडे वळते. मे महिन्यात कनिष्ठ अभियंत्याला भेटून एस्टिमेटची प्रत पाहा, "प्लास्टर" हा शब्द त्यात शिरला असेल तर तेव्हाच काढून घ्या. ऑक्टोबरपर्यंत कार्यादेश निघाला नसेल तर माहिती अधिकारात एक साधा प्रश्न टाका: अमुक कामाची सद्यस्थिती आणि विलंबाचं कारण. बांधकाम चालू असताना रोज एकाने जाऊन पाहावं. कोब्याचा उतार उलटा गेला तर नंतर दुरुस्त होत नाही.

पहिलं वर्ष संपताना वजनाची वही जोडून आरोग्य निरीक्षकाला अहवाल द्या: किती किलो ओला कचरा आवारात जिरला, किती खत निघालं, किती जेवणं कुठे पोचली. २०१७ च्या उन्हाळ्यात फुरसुंगी-उरुळीच्या ग्रामस्थांनी तिथल्या कचरा डेपोवरच्या आगीनंतर कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहराच्या चौकाचौकांत ढीग साचले, ते अधिकाऱ्यांना अजून आठवतं. जो गट तारखेसह दाखवू शकतो की आमच्या गल्लीतून वर्षभर ओला कचरा तिकडे गेलाच नाही, त्याचा पुढच्या ऑगस्टचा अर्ज कोणी बाजूला ठेवत नाही.